होस्टिंगच्या धंद्यात उतरतोयस, तर ऐक

सर्व्हर नाशकातच हवा हा हट्ट सोड. मुंबईच्या डेटा सेंटरमधला व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरमधला आपल्यापुरता वेगळा भाग) भाड्याने घे, गिऱ्हाईक मात्र इथलं धर: अंबड-सातपूरचे कारखानदार, द्राक्ष निर्यातदार, पंचवटीतले लॉजवाले. त्यांना जीबीशी देणंघेणं नसतं. मेल अडकला की फोन उचलणारा माणूस हवा असतो.

सीपॅनेलचं, म्हणजे गिऱ्हाइकांची खाती सांभाळायच्या सॉफ्टवेअरचं, लायसन्स २०१९ पासून खात्यांच्या संख्येवर आहे, ते दरात धर. ‘अनलिमिटेड’ लिहूच नकोस.

बॅकअपचं नीट ऐक. माझा बॅकअप त्याच सर्व्हरवर होता. डिस्क गेली, दोन्ही गेलं. एका द्राक्षवाल्याचे ऐन हंगामातले सगळे मेल उडाले. त्याच्या मळ्यावर जाऊन माफी मागितली. (त्याने चहा पाजला, पण खातं हलवलं.) आता रोजचा बॅकअप दुसऱ्याच कंपनीकडे जातो, आणि महिन्यातून एकदा एखादी साइट त्यातून खरोखर उभी करून बघतो.

डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर घे. मुदत संपून डॉट कॉम रिडेम्पशनच्या, म्हणजे रद्द झालेलं नाव परत मिळवायच्या, ३० दिवसांत अडकलं की सोडवायला भरमसाट पैसे पडतात, म्हणून मुदतीच्या महिनाभर आधीच फोन कर.

आणि हो, सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. सुरुवातीलाच तेवढी डिस्क घेऊन ठेव.