कायली मिनोगचं नाव झालं ते मालिकेतल्या प्रसिद्धीच्या जिवावरच का?

तुम्ही विचारलंय की कायली मुळात टीव्ही मालिकेतली नटी, मग गायिका म्हणून ती चालली ती त्याच प्रसिद्धीवर ना? पहिल्या दोनेक वर्षांपुरतं विचाराल तर हो, अगदी शंभर टक्के. आणि तो भाग इतका गमतीचा आहे की आधी तोच सांगतो.

कायली मेलबर्नची, जन्म १९६८चा. शाळकरी वयापासून ऑस्ट्रेलियन टीव्हीवर लहानमोठी कामं करत होती. १९८६मध्ये तिला 'नेबर्स' या मालिकेत शार्लीनची भूमिका मिळाली. शार्लीन गाड्या दुरुस्त करणारी, कुरळ्या केसांची, फटकळ पोरगी. मालिकेतली मंडळी फिट्झरॉय फुटबॉल क्लबच्या मदतीसाठी झालेल्या एका कार्यक्रमात गेली होती, तिथे ही गायली. त्यातूनच १९८७मध्ये मशरूम रेकॉर्ड्सशी करार झाला. 'लोको-मोशन' हे साठच्या दशकातलं गाणं तिने नव्याने गायलं आणि ते ऑस्ट्रेलियात सात आठवडे पहिल्या नंबरवर बसलं.

मग तिला लंडनला पाठवलं, स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन या त्रिकुटाकडे. त्या काळी त्यांचा स्टुडिओ म्हणजे हिट गाण्यांचा कारखानाच. पण ही मुलगी येणार आहे हे ते साफ विसरले होते! ती बाहेर ताटकळत बसलेली असताना आत साधारण चाळीस मिनिटांत 'आय शुड बी सो लकी' लिहून झालं. फेब्रुवारी १९८८मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर पोचलं आणि पाच आठवडे हललं नाही.

आता खरी गंमत. बीबीसीवर 'नेबर्स' ऑस्ट्रेलियाच्या वर्ष-दीड वर्ष मागे चालायची. स्कॉट आणि शार्लीनचं लग्न (आपल्याकडच्या महाएपिसोडसारखंच प्रकरण) ऑस्ट्रेलियात जुलै १९८७मध्ये लागलं, ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९८८मध्ये. तिथे ते जवळपास दोन कोटी लोकांनी पाहिलं. तोवर कायली मालिका सोडून मोकळी झाली होती, पण ब्रिटिश घरांत शार्लीन अजून रोज हजर! पैसे ओतूनही अशी जाहिरात कुणाला मिळणार नाही. त्यात स्कॉट झालेल्या जेसन डोनोव्हनबरोबरचं तिचं युगुलगीत लग्नानंतर काही आठवड्यांतच आलं आणि जानेवारी १९८९मध्ये तेही पहिलं. तेव्हा तुमची शंका इथवर बिनचूक आहे.

पण याची वसुलीही झाली. टीकाकार तिला 'सिंगिंग बजी' म्हणू लागले. बजी म्हणजे पिंजऱ्यातला तो इवलासा पोपट, ज्याला आपण सरसकट लव्हबर्ड म्हणून टाकतो. तिचा आवाज पातळ आहे, हे मीही मान्य करतो. ऐकणाऱ्याला आवाजानेच गार करणारी गायिका ती कधीच नव्हती. माझ्या मते ती गाणं म्हणत नाही, वठवते. नटीचं ते अंग तिच्या खरं कामी आलं मालिका मागे पडल्यावर.

१९९२मध्ये तिने त्या त्रिकुटाची साथ सोडली. १९९५मध्ये निक केव्ह या काळोख्या, खुनाबिनाची गाणी लिहिणाऱ्या माणसाबरोबर तिने एक गाणं केलं. त्यात ती नदीकाठी मारली गेलेली मुलगी आहे. तिथे तो पातळ आवाज असा काही लागतो की अंगावर काटा येतो. पुढच्याच वर्षी केव्हच्या आग्रहावरून लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या काव्यवाचनात तिने 'आय शुड बी सो लकी'चे शब्द संगीताशिवाय, कवितेसारखे वाचून दाखवले. ज्या गाण्यावरून लोक हसायचे तेच घेऊन एकटीने उभं राहायचं! मला तिच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा हे धाडस मोठं वाटतं.

त्यानंतर एक अल्बम ब्रिटनमध्ये पडलाही. म्हणजे मालिकेची पुण्याई तोवर संपली होती. मग २०००मध्ये ती पुन्हा नाचाच्या गाण्यांकडे वळली आणि २००१मध्ये 'कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड' आलं. ते 'ला ला ला' तुम्हीही कुठे ना कुठे ऐकलं असणारच. अमेरिकेत 'नेबर्स' फारशी कुणाला माहीत नव्हती, तरी हे गाणं तिथे पहिल्या दहात गेलं. २००५मध्ये स्तनाचा कर्करोग निघाला, दौरा अर्धवट टाकावा लागला, पुढच्याच वर्षी ती परत उभी राहिली. आपल्याकडे २००९च्या 'ब्लू'मध्ये रेहमानच्या 'चिगी विगी'वर ती अक्षय कुमारबरोबर नाचली. गाणं यथातथाच, पण थिएटरात कुणालाही शार्लीन ठाऊक असायचं कारण नव्हतं. २०२३च्या 'पदम पदम'ला तर ग्रॅमी मिळालं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

वेळ असेल तर २०१९च्या ग्लास्टनबरी महोत्सवातला तिचा कार्यक्रम पाहा. आजारपणामुळे २००५मध्ये तिथे गाता आलं नव्हतं, ते सांगताना तिला रडू फुटतं. त्याच मंचावर निक केव्हही येतो, आणि 'आय शुड बी सो लकी'ही होतं.