दुखलं तर हात वर करा

“मॅडम, पेशंटला खरं सांगितलं तर माझी प्रॅक्टिस बसेल.” मी समुपदेशक; दातांच्या डॉक्टरांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते खुर्चीत टेकायच्या आत ओळखते. म्हणून हा एक अनुभव लिहितेय, त्या डॉक्टरांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून.

डॉक्टर तिशीतले. तालुक्याच्या गावात स्वतःचं क्लिनिक, डेंटल चेअरचे हप्ते चालू. एका शिक्षिकेच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल करताना वाकड्या मुळात फाइलचं, म्हणजे मूळ आतून साफ करायच्या सुईसारख्या बारीक हत्याराचं, टोक तुटून अडकलं. त्यांनी तसंच भरून वर कॅप बसवली आणि “झालं बरं का” म्हणून बाईंना घरी पाठवलं. त्याला 3 महिने झाले होते. बाईंना काहीच त्रास नव्हता. त्रास डॉक्टरांना होता. बाजारात बाई दिसल्या की हे गल्ली बदलायचे. रात्री दोनला उठून तोच एक्स-रे बघत बसायचे.

पहिल्या भेटीत त्यांनी मला धातूचीच शिकवणी दिली. निकेल-टायटॅनियमची फाइल वाकड्या मुळात छान वळते, पण वळून वळून थकते आणि कधीकधी आधी काहीही खूण न दाखवता तुटते. चांगल्या हातांतही तुटते.

“मग हे बाईंना का नाही सांगितलंत?”

“मला जमायलाच हवं होतं. डॉक्टरने चुकताच कामा नये. पेशंटचा विश्वास राहिलाच पाहिजे.”

मी वहीत ‘च’ मोजत होते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारात तयार झालेली मी; ‘असंच व्हायला हवं’ हा हट्ट माणसाला छळतो, असं ते सांगत, म्हणून तो ऐकू आला की माझे कान टवकारतात. मराठीत हा हट्ट ‘च’मध्ये दडून बसतो, हे मात्र माझं स्वतःचं निरीक्षण, आणि त्याचा मला थोडा तोरा आहे. वही त्यांच्यापुढे सरकवली. ते हसले, पण पटलं नव्हतं.

चौथ्या भेटीत मी सहज विचारलं, “ड्रिल सुरू करण्याआधी पेशंटला काय सांगता?”

“दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन.”

“आणि तुमचा हात कधी वर गेला?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कॉलेजातसुद्धा नाही.” आणि रडले. मी पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही. अशा वेळी मध्ये पडायचं नसतं, हे शिकायला मला दहा वर्षं लागली.

इतर डॉक्टरांना माझं सांगणं एवढंच : फाइल तुटू शकते, हे संमतीपत्र वाचून दाखवतानाच बोला. तुटलीच, तर त्याच दिवशी एक्स-रे दाखवून सांगा आणि केस पेपरवर लिहा. काढायची, बाजूने वाट काढायची की तशीच ठेवून लक्ष ठेवायचं, हे रूट कॅनलच्या तज्ज्ञाला ठरवू द्या. आणि “मी चुकलो”पाशी थांबा, त्याच्या पुढचं “म्हणजे मी नालायक” हे वाक्य खोटं आहे.

डॉक्टरांनी बाईंना बोलावून सगळं सांगितलं. बाई चिडल्या, “तीन महिने गप्प का बसलात?” म्हणाल्या, फी परत मागितली. त्यांनी ती दिली, तज्ज्ञाकडे चिठ्ठीही दिली. तज्ज्ञाने तूर्त हात न लावता 6 महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगितलं.

बाई काही परत आल्या नाहीत. डॉक्टर मात्र आता भाजी आणायला बाजारातून सरळ रस्त्याने जातात.