डेस्कटॉपला वाय-फाय जोडायचं आहे, डाँगल घेऊ की कार्ड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेस्कटॉपवर आजवर लॅन केबलने नेट चालत होतं. आता कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत हलवला, राउटर दोन भिंतींपलीकडे राहिला आणि केबल ओढणं जमण्यासारखं नाही. विंडोज ११ आहे, सीपीयू टेबलाखाली ठेवला आहे आणि वाय-फायचं चिन्ह कुठेच दिसत नाही. यूएसबी पोर्टात लावायचं डाँगल घ्यावं की आत बसणारं कार्ड, आणि घेतल्यावर पुढे काय करायचं?

लगेच काही विकत घेऊ नका. आधी सीपीयूची मागची बाजू उजेडात नीट पाहा. जिथे लॅनचं पोर्ट आणि यूएसबीची पोर्टं आहेत त्याच पट्टीवर सोनेरी रंगाची, आटे असलेली दोन बारीक टोकं दिसली तर तुमच्या मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) बहुधा वाय-फाय आहेच. फक्त त्याचे अँटेना लावलेले नाहीत. असे अँटेना मदरबोर्डच्या खोक्यात येतात आणि पुष्कळदा खोक्यातच राहून जातात. दुसरी खात्री डिव्हाइस मॅनेजरमध्ये करा. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की ते यादीत दिसतं. त्यात 'नेटवर्क अॅडाप्टर्स' उघडा. वायरलेस, वाय-फाय किंवा ८०२.११ (वाय-फायच्या मानकाचा क्रमांक) असं काही लिहिलेलं असेल तर हार्डवेअर आहे. काहीच नसेल, पण 'अदर डिव्हाइसेस'मध्ये पिवळ्या त्रिकोणासह 'नेटवर्क कंट्रोलर' दिसत असेल तर बहुतेक वेळा हार्डवेअर आहे आणि फक्त ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते चालवायला लागणारा प्रोग्रॅम, नाही. या दोन्हींपैकी काही असेल तर तुमचा खर्च वाचला. खाली ड्रायव्हरचा भाग आहे तिथून वाचा.

हार्डवेअर नसेल तर खरेदीच्या आधी आणखी एक काम करा. तुमच्या प्रश्नात माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं हेच आहे. फोन घ्या, राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा (बरेच राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन रेडिओ पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, चालतात) आणि टेबलावर, कॉम्प्युटर वापरताना हात जिथे असतात तिथे ठेवून स्पीड टेस्ट करा. मग तोच फोन टेबलाखाली, सीपीयूच्या मागे, भिंतीलगत ठेवून पुन्हा टेस्ट करा. दोन आकड्यांत किती फरक पडतो ते बघा. तुम्ही जे काही विकत घ्याल त्याचा अँटेना सहसा नेमका या दुसऱ्या जागी जातो: एका बाजूला पत्र्याचं कॅबिनेट, दुसऱ्या बाजूला भिंत, वर टेबल. लॅपटॉपला रेंज नसली की आपण तो उचलून दुसरीकडे बसतो. डेस्कटॉप वर्षानुवर्षं एकाच जागी राहतो, म्हणून तिथे अँटेना कुठे आहे यावर सगळा खेळ ठरतो. खोक्यावरचा आकडा त्यानंतर येतो.

आणि टेबलावरच फोनला ५ गिगाहर्ट्झची रेंज धड मिळत नसेल, तर कोणतंही कार्ड ती कमी भरून काढणार नाही. तेव्हा राउटरची जागा बदलणं किंवा मध्ये मेशचा एक नोड (राउटरचं वाय-फाय पुढे पोहोचवणारं जोडयंत्र) ठेवणं हाच उपाय. २.४ गिगाहर्ट्झचे सिग्नल भिंतीतून जास्त सहज जातात, पण त्या बँडवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजारपाजारचे सगळे राउटर त्याच तीन जागांत दाटीवाटीने बसलेले असतात. मेल आणि वाचन यांना तो बँड पुरतो. व्हिडिओ कॉलसाठी मी त्यावर भरवसा ठेवणार नाही.

आता खोक्यावरचे आकडे. 'एन', 'एसी', 'एएक्स' ही वाय-फायच्या पिढ्यांची नावं. समजा 'एसी १३००' लिहिलं आहे. ही दोन बँडची बेरीज असते: २.४ गिगाहर्ट्झवर ४०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, मिळून १२६७, ते वर नेऊन १३००. 'एसी ६००' म्हणजे १५० अधिक ४३३. 'एएक्स ३०००' म्हणजे ५७४ अधिक २४०२. वाय-फाय ७ सोडलं तर तुमचा कॉम्प्युटर एका वेळी एकाच बँडवर जोडलेला असतो, त्यामुळे ही बेरीज तुमच्या कधीच उपयोगी पडत नाही. त्यातला मोठा आकडाही हवेतला कमाल दर असतो. राउटरशेजारी बसलात तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं, भिंतींपलीकडे त्याहून कमी. तुमचं नेट १०० एमबीपीएसचं असेल तर एसी १२०० किंवा १३०० पुष्कळ झालं. पैसे चांगल्या अँटेनावर घालवा. नखाएवढी जी चिमुकली डाँगल मिळतात ती मात्र घेऊ नका. त्यांच्यात अँटेनाला जागाच नसते, आणि '१५० एन' किंवा '३०० एन' लिहिलेली तर जवळजवळ सगळी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. फोनवर दिसणारं राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव कॉम्प्युटरवर दिसतच नाही अशी तक्रार येते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

कार्ड की डाँगल, यात माझा कौल असा: रोज कामाला बसायचा कॉम्प्युटर असेल आणि कॅबिनेट उघडायला हरकत नसेल तर पीसीआय-ई कार्ड (मदरबोर्डवरच्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये बसणारं) घ्या, पण ज्याचा अँटेना वायरवर बाहेर येतो आणि खाली लोहचुंबकाचा तळ असतो असं. तो अँटेना टेबलावर ठेवता येतो. मागे थेट स्क्रूने बसणाऱ्या दोन दांड्यांचं कार्ड घेतलं तर त्या दांड्या नेमक्या त्या भिंतीलगतच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जातात. आधीच असं कार्ड असेल तर वायरवाला अँटेना वेगळाही मिळतो.

कार्ड बसवायला घाबरण्याचं कारण नाही. कॉम्प्युटर बंद करा, मागची पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. आतला सगळ्यांत छोटा पीसीआय-ई स्लॉट म्हणजे एक्स १. कार्ड त्यात बसतं. तो ग्राफिक्स कार्डाखाली झाकला गेला असेल तर मोकळ्या मोठ्या स्लॉटमध्येही बसतं आणि तितकंच चालतं. त्या स्लॉटसमोरची पत्र्याची पट्टी काढायची, कार्ड सरळ दाबून बसवायचं, स्क्रू लावायचा. अँटेना बोटांनीच पिळायचा, पक्कड लावायची नाही. कार्डासोबत एक बारीक वायरही येते. ती मदरबोर्डवरच्या ९ पिनांच्या यूएसबी जागेत लावायची असते. ती ब्लूटूथसाठी आहे. लावली नाही तरी वाय-फाय चालतं, पण ब्लूटूथ दिसत नाही, आणि लोकांना वाटतं कार्डच खराब निघालं. तुमचं कॅबिनेट अरुंद, ऑफिसात असतं तसं असेल तर कार्डासोबत छोटी पट्टी आहे ना, हे विकत घेतानाच पाहून घ्या.

काही मदरबोर्डांवर वाय-फायसाठी एम.२ ची वेगळी छोटी जागा असते. तिथे लॅपटॉपचं कार्ड बसतं. इथे एक धोका आहे: इंटेलची एएक्स २०१ आणि एएक्स २११ ही कार्डं इंटेलच्याच ठरावीक चिपसेटवर (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपवर) चालतात. एएक्स २०० आणि एएक्स २१० साध्या पीसीआय-ईवर चालतात, त्यामुळे एएमडीच्या बोर्डालाही चालतात. दिसायला सगळी सारखीच, म्हणून मागवताना आकडा पुन्हा वाचा.

कॅबिनेट उघडायचं नसेल तर डाँगल घ्या, बाहेर अँटेना असलेलं आणि ५ गिगाहर्ट्झवर चालणारं. सोबत एक यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्याच. मीटरभर लांबीची पुरते. डाँगल टेबलावर, मॉनिटरच्या बाजूला उभं ठेवा. यामागे रेंजशिवाय आणखी एक कारण आहे. यूएसबी ३.० च्या पोर्टातून आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्ये याची मोजमापं प्रसिद्ध केली होती. निळ्या पोर्टात एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि तिला चिकटून डाँगल असेल, तर मोठी फाइल कॉपी होत असताना २.४ वरचं वाय-फाय मंदावतं, कधी तुटतंही. वायरलेस माउस अडखळतो तोही यानेच. डाँगल हातभर दूर गेलं की हा त्रास जवळजवळ संपतो.

आता ड्रायव्हर. विंडोज ११ बरीच कार्डं आपणहून ओळखतं, पण ओळखलं नाही तर पेच पडतो: ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर. यातून सुटायचा सोपा मार्ग अँड्रॉइड फोन. डेटा जाणाऱ्या केबलने फोन कॉम्प्युटरला जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोजला ते लॅनसारखं दिसतं आणि नेट सुरू होतं. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. आयफोन मात्र फक्त मोबाइल डेटाच पुढे देतो. एवढं झालं की विंडोज अपडेट चालवा. पुष्कळदा ड्रायव्हर तिथेच मिळून जातो. नाही मिळाला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या त्रिकोणावर डबल क्लिक करून 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' बघा. तिथला क्रमांक शोधला की चिप नेमकी कोणाची ते कळतं. ड्रायव्हर मदरबोर्डच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणारे प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये येऊ देऊ नका. ते नको त्या गोष्टी सोबत घेऊन येतात आणि कधी चालू असलेला ड्रायव्हरही बिघडवतात.

डाँगल लावल्यावर वाय-फायऐवजी सीडी ड्राइव्ह दिसू लागली तर ते बिघडलेलं नाही. बऱ्याच डाँगलमध्ये ड्रायव्हर आतच साठवलेला असतो. ती ड्राइव्ह उघडून सेटअप चालवा, मग तेच यंत्र वाय-फाय म्हणून दिसायला लागतं.

जोडणं हे यातलं सोपं काम. घड्याळाजवळच्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक, राउटरचं नाव, पासवर्ड, झालं. आपल्या घरचं नेटवर्क आहे म्हणून प्रोफाइल 'प्रायव्हेट' ठेवा, नाहीतर प्रिंटर आणि शेअर केलेले फोल्डर दिसत नाहीत. पासवर्ड बरोबर असूनही जोडलं जात नसेल तर राउटर फक्त डब्ल्यूपीए ३ वर (वाय-फायच्या सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर) ठेवलेला नाही ना, ते पाहा. जुन्या कार्डांना ते झेपत नाही. राउटरमध्ये डब्ल्यूपीए २ आणि ३ दोन्ही चालतील असं सेटिंग असतं, ते निवडा.

जोडल्यावर सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडून 'नेटवर्क बँड' काय आहे ते वाचा. ५ असायला हवं आणि २.४ दिसत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'अॅडव्हान्स्ड' टॅबवर बहुधा 'प्रिफर्ड बँड' असतं, तिथे ५ निवडा. ते नसेल तर राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या आणि हव्या त्यालाच जोडा.

नेट मधूनच तुटायला लागलं तर दोष घरातला की बाहेरचा हे आधी ठरवा. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवलं की 'डिफॉल्ट गेटवे' दिसतो, तो राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. त्याला पिंग करा, म्हणजे त्याच्याकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते तपासा, शेवटी हायफन टी लावून (ping 192.168.1.1 -t, पत्ता तुमचा), म्हणजे ते चालूच राहील. अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. उत्तरं सलग काही मिलिसेकंदांत येत असतील आणि तरी साइट उघडत नसेल, तर तुमचं वाय-फाय ठीक आहे, नेट देणाऱ्यांकडे तक्रार करा. आकडे मध्येच शेकड्यांत उडत असतील किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल तर दोष हवेतल्या त्या दोन भिंतींच्या टप्प्यात आहे. अँटेना हातभर सरकवा आणि पिंगकडे बघत राहा. कोणती जागा चांगली ते डोळ्यांसमोर कळतं. कॉम्प्युटर झोपेतून उठला की वाय-फाय नाहीसं होतं, ही वेगळी तक्रार. त्यासाठी कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवरची, वीज वाचवायला हे यंत्र बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाका. तो टॅब सगळ्या कार्डांना असतोच असं नाही.

घरात एखादा जुना राउटर पडून असेल तर यातलं काहीच विकत न घेता तो वापरून पाहा. पुष्कळ राउटरमध्ये 'क्लायंट' किंवा 'ब्रिज' नावाचा मोड असतो. त्यात तो मुख्य राउटरचं वाय-फाय पकडतो आणि आपल्या लॅन पोर्टातून पुढे देतो. तो टेबलावर ठेवायचा आणि तुमची आधीची लॅन केबल त्यात लावायची. कॉम्प्युटरला वाटतं केबलचंच नेट आहे, म्हणून वाय-फायचा ड्रायव्हर लागत नाही, आणि अँटेना आपोआप टेबलावर येतो.