पिकअप बंद पडला म्हणून फेकू नका

प्रश्न : काकांनी 1974 साली अमेरिकेतून आणलेली फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटार आता माझ्याकडे आली आहे. मानेच्या बुडाशी 1965 चा शिक्का आहे. तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या तीन पिकअपपैकी मधला बंद आहे. इथल्या एका दुकानात सांगितलं, ‘तिन्ही काढा, नवे बसवा, जुन्यात काही राम नाही.’ मे महिन्यात मीटर लावून पाहिला. मधल्यावर काहीच आलं नाही, बाकी दोघांनी 6.2 आणि 6.3 किलोओहम दाखवले. जुना पिकअप आतून असतो कसा? दुरुस्त होईल का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : तिन्ही जागेवर राहू द्या. दोन ठणठणीत आहेत आणि तिसऱ्याची तार कुठेतरी तुटली आहे, एवढंच. आधी तुमचे आकडे घेऊ. बडोद्यात मे महिन्यात, दुपारी मीटर लावला असेल तर खोलीत चाळीस अंश धरायला हरकत नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. म्हणजे 20 अंशांवर तुमचे आकडे 5.75 आणि 5.85 च्या आसपास येतील, आणि त्या काळच्या स्ट्रॅटच्या पिकअपला ते अगदी शोभतात.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगवर माझी हयात गेली. असा पिकअप पहिल्यांदा उघडला तेव्हा त्यातल्या वस्तू किती थोड्या आहेत याचंच मला अप्रूप वाटलं. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, दोन्ही व्हल्कनाइज्ड फायबरच्या. मोटर रिवायंडिंगवाले खाचांमध्ये सारतात तेच फायबर. दोन्ही पट्ट्यांना सहा भोकं, त्यांत दाबून बसवलेल्या अल्निकोच्या सहा कांड्या. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. पट्ट्या आणि कांड्या केवळ घट्ट बसल्यामुळे एकत्र राहतात. हा सांगाडा लॅकरमध्ये बुडवून वाळवायचा आणि तार थेट त्या चुंबकांवरच गुंडाळायची. मध्ये प्लास्टिकची रीळ नसते. खालच्या पट्टीत दोन पितळी डोळे असतात. एकात वायंडिंगची सुरुवात, दुसऱ्यात शेवट, आणि तिथूनच कापडी वेष्टणाच्या दोन वायरी निघतात. शेवटी मेणात बुडवून वर पांढरं झाकण.

गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीच्या 1946 च्या पी-90 या पिकअपमध्ये चुंबक पट्टीच्या रूपात कॉइलखाली आडवे असतात आणि चुंबकत्व वर आणायचं काम लोखंडी स्क्रू करतात. फेंडरमध्ये चुंबक हाच गाभा. लोखंडाच्या गाभ्यापेक्षा अल्निकोच्या गाभ्याने कॉइलचं इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा तिचा विरोध, कमी राहतं, म्हणून वरचे स्वर मोकळे ऐकू येतात. स्ट्रॅटच्या आवाजातली ती काचेसारखी धार बऱ्याच अंशी इथून येते.

तार 42 अमेरिकन गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर), उघडं तांबं जेमतेम 0.063 मिलिमीटर. तिचे साडेसात-आठ हजार फेरे, म्हणजे सुमारे एक किलोमीटर तार! 1964 च्या सुमारापर्यंत स्ट्रॅटला फॉर्मवार या कृत्रिम राळेच्या जाड लेपाची तार असे, पुढे साधी इनॅमलची आली. तुमच्याकडे बहुधा दुसरी. यंत्र सांगाडा फिरवायचं आणि तार इकडून तिकडे न्यायचा माणसाचा हात. फेंडरमध्ये 1956 पासून हे काम करणाऱ्या अबिगेल इबारा यांचं नाव आजही जाणकार आदराने घेतात. ट्रान्सफॉर्मरमध्ये फेरा फेऱ्याला चिकटून, सरळ बसवायचा असतो. इथे हाताने नेलेली तार थोडी तिरपी, थोडी विखुरलेली बसते, फेऱ्यांमध्ये फट राहते आणि कॉइलची स्वतःची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, घटते. म्हणून एकाच दिवशी बनलेले दोन पिकअपही हुबेहूब सारखे नसतात. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि ‘तिन्ही बदला’ हा सल्ला म्हणूनच पटत नाही.

आता मधला. झाकण काढून पितळी डोळे भिंगाखाली पाहा. पावसाळ्याच्या ओलीने तिथे हिरवा गंज चढतो आणि नेमकी डाखापाशी तार तुटते. तुटकी बाजू शेवटाची असेल तर एक-दोन फेरे उलगडा, टोकाचं इनॅमल हलक्या हाताने खरवडा, डाख द्या. एवढ्या फेऱ्यांनी आवाजात काही फरक पडत नाही. सुरुवातीची बाजू तुटली असेल तर ती सगळ्यात आत, चुंबकांना लागून असते. कांडी गंजली की लॅकर उखडतं आणि पहिले फेरे खलास होतात. मग रिवायंडिंगला पर्याय नाही.

ते करून घेताना जुनी कॉइल कापण्याआधी दोन गोष्टी कागदावर उतरवा : फेऱ्यांची दिशा, आणि होकायंत्र धरून वरच्या टोकांचा ध्रुव. दिशा चुकली तर दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, पोकळ येईल. तार घेताना ‘42 नंबर’ मागू नका. आपल्याकडे बाजारात नंबर ब्रिटिश गेजचा चालतो आणि त्या मापाची 42 नंबर तार 0.1 मिलिमीटर भरते; हजारो फेरे त्या सांगाड्यात मावणारच नाहीत. मिलिमीटरमध्येच मागा. चुंबक, पट्ट्या, वायरी सगळं जुनंच ठेवा. खालच्या पट्टीवर हाताने लिहिलेली तारीख असेल तर ती पुसू देऊ नका.

मेण शेवटी. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशांचं मेण, उकळत्या पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून 65 अंशांपर्यंत. थेट आचेवर कधीही नाही, मेण पेट घेतं. बुडबुडे थांबले की काढा. मेण आत शिरलं नाही तर सैल फेरे थरथरतात आणि ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवला की पिकअप शिटी मारतो.

प्रश्न : माझ्या गिटारच्या पिकअपमधल्या कांड्या वरखाली आहेत. तिसऱ्या तारेखालची बरीच उंच आहे आणि ती तार इतरांपेक्षा मोठ्याने वाजते. हलकेच ठोकून खाली केली तर चालेल का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : हात लावू नका. वरच्या उत्तरात सांगितलं तसं, जुन्या पद्धतीत तार चुंबकाला लागूनच गुंडाळलेली असते. कांडी सरकली की आतले फेरे तिच्यासोबत ओढले जातात, आणि चांगला पिकअप क्षणात निकामी होतो. अशा कॉइली माझ्याकडे अजून येतात.

ही उंच-सखल रचना झाली तेव्हा तिसरी तारही वरून बारीक तारेने गुंडाळलेली, जाड असे. ती दबलेली वाजे, म्हणून तिच्याखालची कांडी उंच. आज तिथे साधी पोलादी तार लागते आणि ती उसळून येते. गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा संच मिळाला तर तो लावून पाहा. नाहीतर बाजूच्या दोन स्क्रूंनी पूर्ण पिकअप खाली घ्या. शेवटच्या पडद्यावर तार दाबून जाड बाजूला 2.4 आणि बारीक बाजूला 2 मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करा. चुंबक फार जवळ असले तर जाड तारा ओढल्या जाऊन वरच्या पडद्यांवर बेसूर बोलतात, तेही त्यानेच सुटेल.