आघात, प्रभाव की परिणाम?

कागलच्या एका वाचकांनी विचारलंय: 'आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या विस्ताराची नोटीस आली, त्यात "पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवाल" असं आहे. पेपरात मात्र "पर्यावरण परिणाम मूल्यमापन". ही दोन कागदपत्रं का एकच? आणि बरोबर काय?'

कागद एकच. कारखान्याची गाळप क्षमता दिवसाला 5000 टनांवर जाणार असली, की केंद्राच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यासाठी हा अहवाल. घोळ आहे तो त्याच्या इंग्रजी नावातल्या ('एन्व्हायर्न्मेंटल इम्पॅक्ट असेसमेंट') 'इम्पॅक्ट' या शब्दाचा.

इम्पॅक्ट म्हणजे मुळात धडक. त्यावरून कुणीतरी 'आघात' केलं. हिंदी राजपत्रात तर 'समाघात' आहे. 'आघात' हा शब्द 'हन्' (मारणे) धातूचा. घात, घातक, अपघात ही सगळी त्याचीच भावंडं. मराठीत 'त्यांच्यावर मोठा आघात झाला' म्हटलं, की घरातलं कुणी गेलं हे सांगावं लागत नाही. म्हणजे अहवाल उघडायच्या आधीच निकाल! आत मात्र मजा असते. अशाच एका अहवालाच्या सारांशात मी 'सकारात्मक आघात : स्थानिकांना रोजगार' असं वाचलंय. सकारात्मक आघात म्हणजे काय, प्रेमाची थप्पड?

'प्रभाव' हा दुसऱ्या टोकाचा. मराठीत प्रभाव पडतो तो वक्त्याचा, गुरूचा, सासऱ्याचा. 'सांडपाण्याचा पंचगंगेवर प्रभाव पडला' म्हटलं तर नदी भारावून गेल्यासारखी वाटते.

'परिणाम' चांगला होतो, वाईट होतो, कधी होतच नाही. ठरवायचं आहे ते हेच, म्हणून माझं मत परिणामालाच.

मूल्यांकन आणि मूल्यमापन यांत इथे फारसा फरक नाही, पण दोन्हींत एक खोट आहे. मूल्यमापन म्हटलं की आपल्याला शाळा आठवते: पेपर लिहून झाला, मग गुण. इथे पेपर लिहायच्या आधीच सगळं चालतं. नवा बॉयलर बसायचाय, डिस्टिलरीचं स्पेंटवॉश (मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी) कुठं जाणार हे अजून कागदावरच आहे, तेव्हाचं हे काम. 'काय होईल ते आधी बघणं' एवढा साधा अर्थ, आणि नेमका 'आधी' हाच शब्द नावातून गळालाय. 'परिणामांचा पूर्वअंदाज' म्हटलं तर माझी आजीसुद्धा समजली असती.

जाता जाता 'जनसुनावणी', म्हणजे अशा प्रकल्पावर लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायची जाहीर सभा. इंग्रजीत ते 'हिअरिंग', म्हणजे ऐकणं. मराठी 'सुनावणे'चा अर्थ मात्र दुसऱ्याला ऐकवणं, तेही जरा चढ्या आवाजात. मंडपातलं दृश्य पाहिलंत तर मराठी शब्दच जास्त खरा. किमान 30 दिवस आधी नोटीस आणि अहवालाचा सारांश मराठीतही मिळायला हवा, तो आधी मागून घ्या. सुनवायला मुद्दे लागतात.

बोलताना खुशाल 'परिणाम' म्हणा. हरकतीच्या अर्जात मात्र नोटिशीतलं नाव काना-मात्रेसकट उतरवा. तिथे भाषा सुधारायला गेलात, तर 'या नावाचा अहवाल आमच्याकडे नाही' म्हणायला कारकून मोकळा.