कीकॅडमधल्या दोन ईएसपी३२ सिम्बॉलांचा पिनक्रम वेगळा का, आणि वापरायचं कोणतं?

तुम्ही कीकॅड या पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) आखायच्या प्रोग्रॅममध्ये ३० पिनांच्या ईएसपी३२ डेव्हकिटसाठी, म्हणजे ईएसपी३२ चिपच्या तयार बोर्डासाठी, दोन लायब्रऱ्यांतून सिम्बॉल (सर्किटच्या आकृतीतलं चिन्ह) उतरवलेत, दोघांतले क्रमांक जुळत नाहीत आणि यातलं चुकीचं कोणतं असा तुमचा प्रश्न आहे. बहुधा दोन्ही बरोबर असतील. पण सिम्बॉल एका लायब्ररीतलं आणि फुटप्रिंट (पीसीबीवर पिना बसायच्या पॅडांची मांडणी) दुसऱ्या लायब्ररीतला अशी जोडी लावलीत, तर पीसीबी हमखास वाया जाईल. माझे तसे पाच गेले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. सिम्बॉलवर पिन कुठल्या बाजूला काढली आहे, याचा जोडणीशी काहीही संबंध नसतो. कीकॅडच्या अधिकृत लायब्ररीचे नियमच सांगतात की पिना कामाप्रमाणे एकत्र ठेवा, पुरवठा वर आणि ग्राउंड खाली. काही जण मात्र बोर्ड समोर ठेवला की जसा दिसतो, तसंच सिम्बॉल काढतात. मला स्वतःला सर्किट वाचायला पहिली पद्धत आवडते. पण दोन्ही रास्त आहेत, त्यामुळे चित्रं शेजारी ठेवून तुलना करण्यात हशील नाही. कीकॅड सिम्बॉल आणि फुटप्रिंटची गाठ घालतं ती फक्त क्रमांकावरून. सिम्बॉलची पिन २० म्हणजे फुटप्रिंटचं पॅड २०. पिनेपुढे नाव काय लिहिलंय, ते कीकॅड पाहतही नाही.

खरी गोम या क्रमांकात आहे. जीपीआयओ२१ ही इनपुट-आउटपुटची पिन घ्या. मूळ ईएसपी३२ चिपवर ती ४२ नंबरची पिन आहे, ती चिप ज्यात बसवलेली असते त्या व्रूम-३२ मॉड्यूलवर ३३. आणि तुमच्या बोर्डावर? तिथे क्रमांक छापलेलाच नसतो, नुसतं ‘डी२१’ असतं. मग लायब्ररी करणारा आपल्या सवयीने क्रमांक देतो. यूएसबी खाली आणि अँटेना वर धरा. डावी रांग वरून खाली १ ते १५, इथवर सहसा वाद नसतो. उजव्या रांगेला फाटे फुटतात. आयसी मोजायची सवय असलेला माणूस वळसा घालून खालून वर जातो. त्याच्या हिशेबात १६ म्हणजे ३व्ही३ (३.३ व्होल्ट पुरवठ्याची पिन) आणि ३० म्हणजे डी२३. हेडर मोजायची सवय असलेला पुन्हा वरून सुरुवात करतो, त्याचं १६ म्हणजे डी२३ आणि ३० म्हणजे ३व्ही३. डी२१ एकाकडे २६ आणि दुसऱ्याकडे २०.

माझ्याकडे सिम्बॉल वरून खाली मोजणाऱ्या पद्धतीचं होतं आणि फुटप्रिंट खालून वर मोजणाऱ्या. तापमान आणि आर्द्रता मोजायला बीएमई२८० सेन्सर जोडायचा होता, आयटूसी या दोन तारांच्या जोडणीने: डी२१वर एसडीए (डेटाची तार) आणि डी२२वर एससीएल (क्लॉकची तार). पीसीबी आले, सोल्डर केले, वीज दिली. व्हीआयएन (बाहेरून वीज द्यायची पिन) आणि एक ग्राउंड डाव्या रांगेत असल्यामुळे ईएसपी३२ नीट सुरू झाला. डी५वरचा एलईडी लुकलुकला. सेन्सर मात्र उत्तरच देईना. दोन संध्याकाळी मी कोड तपासला, पुलअप (लाइन ‘हाय’ धरून ठेवणारे रेझिस्टर) बदलले, दुसरा सेन्सर लावला. शेवटी मल्टिमीटर बीपवर ठेवून एकेक पिन पाहिली तेव्हा उलगडा झाला. सेन्सरचा पुरवठा डी२३ला गेला होता, एसडीए डी४ला आणि एससीएल थेट ग्राउंडला. अख्खी उजवी रांग उलटी होती. पंधरा पिनांची रांग उलटली तरी मधली आठवी पिन जागच्या जागी राहते, आणि ती आठवी पिन म्हणजे नेमकी डी५. तो एक एलईडी लागला म्हणून फुटप्रिंटवर माझा संशयच गेला नाही.

शिवाय बोर्डाचा डी२२ माझ्या पीसीबीच्या ग्राउंडला टेकला होता. आयटूसी लाइन फक्त खाली ओढतो, म्हणून निभावलं. तिथे साधं आउटपुट ‘हाय’ केलं असतं, तर पिन जळण्याचीही भीती होती. ईआरसी आणि डीआरसी या कीकॅडच्या सर्किट आणि पीसीबी तपासण्या दोन्ही निर्धोक पार पडल्या होत्या, आणि त्यात त्यांची चूक नाही. बोर्डावर प्रत्यक्ष कुठे काय आहे, हे त्यांना कळायला मार्गच नाही.

म्हणून तुलना अशी करा. स्प्रेडशीटमध्ये सिम्बॉलचे क्रमांक आणि नावं लिहा. शेजारी फुटप्रिंट उघडून प्रत्येक पॅड कुठे आहे ते पाहा, आणि तिसऱ्या रकान्यात हातातल्या बोर्डावर त्या जागी छापलेलं नाव वाचून लिहा. इंटरनेटवरचं पिनआउटचं चित्र यासाठी चालणार नाही, कारण ३८ पिनी बोर्डात ३व्ही३ डावीकडे ईएनच्या वर असतो आणि ३० पिनीत उजवीकडे अगदी खाली. घाई असेल तर निदान १६ आणि ३० एवढे दोन क्रमांक तरी तपासा.

सिम्बॉल काळजीने केलंय की नाही, हे ओळखायची माझी एक खूण आहे. जीपीआयओ ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत, त्यांना आतले पुलअपही नाहीत. सिम्बॉलमध्ये त्यांचा प्रकार ‘इनपुट’ दिलेला असेल, तर करणाऱ्याने डेटाशीट वाचली आहे असं समजायला हरकत नाही. ३८ पिनी बोर्ड घेतलात तर जीपीआयओ ६ ते ११ सिम्बॉलवर दिसतील, पण त्या फ्लॅश मेमरीच्या आहेत, त्यांना हात लावू नका.

रांगांमधलं अंतरही मोजा. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या ईएसपी३२ बोर्डांत २२.८६ मिमी आणि २५.४ मिमी अशी दोन्ही अंतरं सापडतात. फुटप्रिंट १०० टक्के आकारात कागदावर छापा आणि बोर्डाच्या पिना त्या कागदातून आरपार घाला. अंतर चुकलं असेल तर लगेच कळतं, आणि प्रत्येक पिनेजवळ कागदावर नाव लिहून ठेवलंत तर उलटी रांगही त्याच वेळी सापडते.

तुमच्या दोन सिम्बॉलांपैकी ज्याच्यासोबत त्याच लायब्ररीतला फुटप्रिंट आलाय, ते ठेवा. दोघांसोबत आला असेल, तर खालून वर मोजणारी जोडी निवडा. पुढे कधी रास्पबेरी पाय पायको हा बोर्ड वापरलात तर तिथे १ ते ४० हे अधिकृत क्रमांक याच पद्धतीने दिलेले आहेत, त्यामुळे हाताला एकच सवय राहील. फक्त पायकोवर पिनांची नावं मागच्या बाजूला छापलेली असतात. ती वाचताना डावं-उजवं बदलतं, तेवढं सांभाळा.