परवानगीचा अर्ज त्यालाच लिहू द्या

प्रश्न : मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. बोर्डात 81 टक्के आहेत, इंजिनीअरिंगला बरं कॉलेज मिळेल. पण त्याला गडकिल्ल्यांचे आणि जंगलाचे फोटो काढायचेत, तेही पोटापाण्यासाठी. गेल्या महिन्यात लोहगडावर ट्रायपॉड उभा केला, तर तिथल्या माणसाने लेखी परवानगी मागितली आणि हा मुकाट्याने ट्रायपॉड आवरून खाली आला. माझी मंत्रालयात ओळख आहे, एका फोनवर काम होईल म्हटलं तर नको म्हणतो. पावलोपावली हात पसरायला लावणारा हा धंदा कसला? प्रवेश घेतलास तर ड्रोन घेऊन देतो, असंही सांगून पाहिलं. ऐकणारच नसेल, तर निदान असा कोर्स सांगा ज्याने सरकारी लायसन्स हातात पडेल.
– एक वडील, पिंपरी-चिंचवड

उत्तर : तुमच्या एवढ्या पत्रात मुलाच्या तोंडचा एकच शब्द आहे, ‘नको’. मला त्याच्या 81 टक्क्यांपेक्षा तो शब्द महत्त्वाचा वाटतो. त्याने तुमचा फोन नाकारला याचा तुम्हाला राग आलाय. पण बरोबर तोच आहे. ओळखीने होतो तो तोंडी होकार, आणि गडावरच्या पहारेकऱ्याला फोन कोणी केला होता याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला जावक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेला कागद दिसावा लागतो. शिवाय आज तुमचा फोन चालला, तर पुढच्या गडालाही तोच लागणार. तिशीतला मुलगा ‘बाबा, जरा बोला ना’ म्हणत दारात उभा राहिलेला चालेल का तुम्हाला?

ड्रोनचं आमिष तर तुमच्याच अंगाशी येईल. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला 2021 च्या ड्रोन नियमांनुसार पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. एवढंच ऐकून लोक तो थेट गडावर नेतात. पण ही सवलत उडवणाऱ्याच्या प्रमाणपत्रापुरती आहे. संरक्षित स्मारकावर किंवा अभयारण्यावर ड्रोन न्यायचा, तर त्या खात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. म्हणजे इंजिनीअरिंगला जाण्याचं बक्षीस म्हणून जी वस्तू देताय, ती त्याला हव्या त्या जागी परवानगीशिवाय उडवताच येणार नाही.

आता ‘हात पसरणं’. घर बांधताना महापालिकेतून नकाशा मंजूर करून आणतो, त्याला आपण भीक म्हणत नाही. लोहगडावरच्या माणसाने विनाकारण हटकलेलं नाही. प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा 1958 चा आणि त्याखालचे नियम 1959 चे. त्या काळी आठ मिलिमीटरची फिल्म हौशी मंडळी वापरत, म्हणून नियमांनी रेघ तिथेच ओढली. हातात धरायचा कॅमेरा एकीकडे. स्टँड, मचाण, कॅमेऱ्याच्या फ्लॅशखेरीज इतर कृत्रिम दिवे आणि आधीपासून करून ठेवलेली खास तयारी दुसरीकडे, त्यांना लेखी परवानगी हवी. फिल्म गेली, पण स्टँडची रेघ राहिली, आणि ती निरर्थक नाही. ट्रायपॉडचे टोकदार पाय दगडी फरशीला ओरखडे पाडतात आणि अरुंद दरवाजात वाट अडते. त्याच नियमांत स्मारकावर पाणी, तेल किंवा चिकट पदार्थ लावायला मनाई आहे. शिलालेखाची अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यावर पाणी शिंपडणारे किंवा खडू फिरवणारे आजही भेटतात. खरं तर सकाळचा तिरका उजेड पडेपर्यंत थांबलं, की तीच अक्षरं आपसूक उमटतात.

एक गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा, तो लायसन्सचा. छायाचित्रकाराचं असं कोणतंही सरकारी लायसन्स नसतं. डिप्लोमा करा, पदवी घ्या, गळ्यात पत्रकाराचं ओळखपत्र घाला. त्यातल्या कशानेही गडाचा दरवाजा आपोआप उघडत नाही. परवानगी माणसाला मिळत नाही. ती एका जागेपुरती, एका तारखेपुरती आणि एका कामापुरती मिळते. देणारं खातंही दर ठिकाणी वेगळं. लोहगड आणि राजगड दोन्ही पुणे जिल्ह्यातले, दोन्ही 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. पण लोहगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, त्याचा अर्ज मुंबई मंडळाच्या अधीक्षक पुरातत्त्वविदांच्या नावे, सायनच्या किल्ल्यातल्या कार्यालयात जातो. राजगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, तिथे कायदाही राज्याचा, 1960 चा. हरिश्चंद्रगड तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत, म्हणजे पहिली गाठ वनखात्याशी. तिथे वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 28 लागतं आणि परवान्याचा अधिकार नागपूरला बसणाऱ्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा. 2022 च्या दुरुस्तीने त्या कलमात छायाचित्रणाच्या जोडीला चित्रीकरण आलं, पण अधिवासात बदल न करण्याच्या अटीवर. ठरलेल्या वाटेने, पर्यटक म्हणून फोटो काढणं वेगळं. वाट सोडून लपण (प्राण्यांना न दिसता बसायचा आडोसा) बांधायचं किंवा झाडाला कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावायचा, तर हा परवाना हवाच.

अर्ज फेटाळला जातो तो बहुधा मोघमपणामुळे. ‘लोहगडाचे फोटो काढायचे आहेत’ एवढ्यावर कोणताही अधिकारी सही करणार नाही. गडाचा कोणता भाग, कोणती तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, माणसं किती, कॅमेरे आणि लेन्स किती, स्टँड आहे का, दिवे आहेत का, फोटो कुठे वापरणार – प्रदर्शन, पुस्तक की जाहिरात – हे सगळं एका पानात यायला हवं, सोबत ओळखपत्राची प्रत. वेळेपाशी बहुतेक जण फसतात. संरक्षित स्मारकं साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त खुली, आणि छायाचित्रकाराला उजेड हवा असतो तो नेमका त्याच्या आधीचा नाहीतर नंतरचा. ती वेळ अर्जात मागितली नसेल, तर हातात कागद असूनही दार बंदच. व्हिडिओचं व्यावसायिक चित्रीकरण करायचं झालं, तर त्याची वाट निराळी : दर दिवसाचं शुल्क आणि वर अनामत.

शिक्षणाचं म्हणाल, तर उपयोजित कलेची सीईटी देऊन मुंबईच्या जे. जे.सारखं कलेचं कॉलेज, किंवा आधी कोणतीही पदवी आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्रात एम.ए. गडच टिपायचे असतील, तर मी दुसरी वाट आधी बघेन.

पैशांबद्दल स्पष्टच सांगते. नुसत्या गडांच्या फोटोंवर घर चालत नाही. पैसा येतो तो जीर्णोद्धार करणाऱ्या वास्तुविशारदांसाठी भिंतीन् भिंत मोजपट्टी लावून टिपण्यात, संग्रहालयांच्या वस्तूंची नोंद करण्यात आणि सुरुवातीची काही वर्षं लग्नसराईत. त्या मोजमापाच्या कामात परवानग्या नीट काढून आणणाऱ्या माणसाला मागणी असते, आणि तुमचा मुलगा त्याच वाटेवर आहे असं दिसतं. पहारेकऱ्याशी हुज्जत न घालता ट्रायपॉड आवरून खाली आलेला मुलगा तुम्हाला नेभळट वाटला असेल, मला तो कामाचा वाटला.

म्हणून कोर्स शोधणं महिनाभर बाजूला ठेवा. लोहगडाचा अर्ज त्यालाच लिहू द्या, तुम्ही एक ओळही सुधारू नका. तो दोन प्रती घेऊन स्वतः सायनला जाईल, एक तिथे देईल आणि दुसरीवर पोच घेऊन परतेल. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी स्मरणपत्रही त्यानेच द्यायचं. तोवर मंत्रालयात फोन लावू नका.